चौदा माणसांची गटारपट्टी

आमच्या गावात भुयारी गटार आली तेव्हा सगळं गाव खूश झालं, आणि तिची पट्टी ठरवायची वेळ आली तेव्हा तेच गाव एकमेकांकडं संशयानं बघू लागलं. आमचं गाव कारेगावपासून दोन-तीन किलोमीटर आत. कंपन्या आल्या तशी माणसं आली, माणसं आली तशा खोल्या उभ्या राहिल्या, आणि खोल्यांमागून सांडपाणी आलं. आधी उघड्या गटारी होत्या. जो तो सकाळी खराटा घेऊन आपल्या दारापुढचं पाणी शेजाऱ्याच्या दारापुढं लोटायचा, शेजारी त्याच्या शेजाऱ्याच्या. असं करत करत ते सगळं ओढ्याला जायचं आणि तिथं कुणाचंच नसायचं.

मग सरकारी पैशातून पाइप आले. जमिनीखाली गेले. ओढ्याच्या कडेला एक टाकी, जाळी आणि मोटार बसली. उद्घाटन झालं, पेढे झाले. तिसऱ्या महिन्यात मोटारीचं लाइट बिल आलं, जाळी साफ करणाऱ्या माणसाचा पगार थकला आणि शाळेजवळचं चेंबर तुंबलं. पाइप सरकारनं दिला होता, पण तो चालवायचा आम्हालाच होता. हे आमच्या डोक्यात शिरायला एवढा वेळ लागला.

मी एका कंपनीच्या स्टोअरमध्ये सगळी नोकरी काढली. नट, बोल्ट, बेअरिंगं, हातमोजे. मोजल्याशिवाय कुणाला काही दिलं नाही आणि सहीशिवाय काही घेतलं नाही. त्याचा एक परिणाम असा झाला की निवृत्तीनंतरही मी घरात डब्यातले लाडू मोजायचो, आणि दुसरा असा की सरपंचबाई एक दिवस माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. माझ्या सुनेच्या वयाची बाई. म्हणाल्या, "मामा, तुमचं सगळं मोजूनमापून असतंय. गटारपट्टीच्या समितीत या. न्हाई म्हणू नका." मी दोन मिनिटं नाही म्हणालो. तिसऱ्या मिनिटाला वही शोधायला आत गेलो.

समितीत चौघं. सरपंचबाई, ग्रामसेवक, मी आणि आप्पा. आप्पांची उमर ऐंशीच्या घरातली. तरुणपणी मेंढरांमागं मुलूख तुडवला, नंतर विहीर पाडली, कांदा लावला आणि एका जागी बसले. सही सोडली तर त्यांना लिहिता येत नाही. माझ्या वहीत नसेल असं सगळं त्यांच्या डोक्यात असतं, आणि याचा मला पहिल्यापासून थोडा रागच आहे.

पहिली बैठक ग्रामपंचायतीच्या ऑफिसात झाली. दार उघडं ठेवलं होतं, त्यामुळं बैठकीत चौघं आणि दारात चाळीस. एक जण दारातूनच ओरडला, "पाण्याचं पैसं घेता ते ठीक हाय, पाणी घरात येतंय. जे घरातनं चाललंय त्याचं कसलं पैसं?" आप्पा तंबाखू मळत शांतपणे म्हणाले, "आरं, ते जायचं थांबलं म्हंजी तू सोता डोक्यावरून न्हेशील का? का माणूस लावशील? माणूस लावलास तर पैसंच देशील न्हवं?" दारातली गर्दी हसली आणि तो मुद्दा तिथंच मिटला.

पण पैसे घ्यायचे तर कशावर? सगळ्या घरांना सारखी पट्टी, असं ग्रामसेवकांनी सुचवलं. हिशेबाला सोपं. पण म्हणजे बावीस खोल्यांची चाळ आणि एकट्या म्हाताऱ्या बाईचं घर एका मापात. मग घरपट्टीच्या प्रमाणात, असं एक जण म्हणाला. हा म्हणणारा त्या बावीस खोल्यांचा मालक. माणूस वाईट नाही, अडीनडीला धावतो, पण पत्र्याच्या खोल्यांना घरपट्टी किती कमी बसते हे त्याला पाठ होतं. ज्यानं पोरांच्या आग्रहाखातर स्लॅबचं घर बांधलं आणि आता त्यात नवरा-बायको दोघंच राहतात, त्याला मात्र त्या चाळीहून जास्त पट्टी बसली असती. मी असा स्लॅबवाला. मी जोरात नाही म्हणालो.

मग पाण्यावर लावा, जितकं पाणी वापरलं तितकी पट्टी, असं सरपंचबाई म्हणाल्या. मला ते पटलं होतं. आप्पांनी नकाराची मान हलवली. "माझ्या दोन म्हशी प्येत्यात, शेवंतीला पाणी जातंय, ते काय गटारीत उतरतंय व्हय? जेवढं घरात येतंय तेवढं गटारीत जात न्हाई." मग त्यांनी कॅनॉलचं उदाहरण काढलं. कॅनॉलची पट्टी पिकावर असते. उसाला जास्त, बाजरीला कमी, कारण ऊस पाणी जास्त खातो. "हितं पीक म्हंजी माणूस," आप्पा म्हणाले. "जेवढी माणसं तेवढी पट्टी. म्हंजी कुनी कुनाला बोलाया नको."

माणशी पट्टी ठरली. सरपंचबाईंनी पुस्ती जोडली की लंगोटातल्या बाळांना माफ. त्यानंतर गावात एक चेष्टा सुरू झाली. खोल्यांच्या मालकाला लोक म्हणायचे, "काय दादा, औंदा ऊस कसा हाय?" आणि तो म्हणायचा, "तुमची बाजरी कशी हाय ते बघा आधी."

आता माणसं मोजायची कधी? एरवी दारं बंद. पुरुष शिफ्टला, बाया रानात. दोनदा फिरून बघितलं, निम्म्या घरांना कुलूप. तेव्हा एका बैठकीत एकानं म्हटलं, जत्रेला मोजू, जत्रेला सगळं गाव घरी असतं. हा म्हणणारा मीच. कुणी दुसऱ्याचं नाव पुढं करत असेल तर ऐकू नका. त्या दिवशी आप्पा कांदा काढायला रानात होते, बाकी सगळ्यांना ते एकदम पटलं आणि मी खूश होऊन घरी आलो.

आमची जत्रा होळीनंतरच्या आठवड्यात. पहिल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी मटण. आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो, मी आणि ग्रामसेवक, हातात वही. प्रत्येक दारात आग्रह. मोजणी सुरू झाली तेव्हा मी समितीचा सदस्य होतो, दुपारपर्यंत गावचा जावई झालो होतो. ज्या घरी विचारावं तिथं आकडा हसत हसत सांगत होते. "किती माणसं?" "नऊ!" "अकरा!" "थांबा, पुण्याची गाडी यायची हाय, तेरा लिहा!" ज्या गावात सरकारी माणूस दिसला की लोक दोन-चार माणसं लपवतात, तिथं लोक उलट वाढवून सांगत होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

खोल्यांचा मालक चाळीपुढं खुर्ची टाकून बसला होता. बावीस दारं, त्यातल्या वीस दारांना कुलूप. "बघा मामा, तुमच्या डोळ्यांनी बघा. सहा माणसं हायेत. सहा लिहा." पोरं होळीला गावी गेली होती, कुणी बिहारला, कुणी युपीला, कुणी बीडला. मला ते ठाऊक होतं. पण स्टोअरचा नियम माझ्या हाडात भिनलेला, रॅकवर आहे तोच स्टॉक. मी सहा लिहिले. मालकानं आम्हाला सरबत पाजलं.

तिथून आत्याच्या घरी गेलो.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. गावातल्या गावात दिलेली, त्यामुळं लहानपणी मला दोन घरं होती. आईनं मारलं की मी आत्याकडं पळायचो आणि आत्यानं मारलं की पळायला जागाच नसायची. नवरा लवकर गेला. तीन लेकी तिनं दहा गुंठ्यांवर वाढवल्या, मेथी-कोथिंबीर करून. थोरली राहूला दिली, मधली वरवंडला, धाकटी शिरूरला. आता घरात ती आणि एक मांजर. अजून आठवड्याच्या बाजाराला कारेगावात बसते आणि कंपनीतल्या पोरांना तिच्या हिंदीत दम देते. "भैया, हात मत लगाव, लेना है तो लेव. पानी मारेला नही है." पोरं तिला आजी म्हणतात आणि घासाघीस न करता जुडी उचलतात. मला ती तिथं बसलेली बघायला फार आवडतं. मी कधी तिला सांगितलं नाही.

त्या दिवशी तिच्या दोन खोल्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. चुलीवर पातेलं, अंगणात जावई पान खात बसलेले, नातवंडांचा गोंधळ, मांजर पत्र्यावर. आत्याच्या कपाळावर घाम होता आणि तोंडावर जे होतं ते मी बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं.

"आत्या, घरात माणसं किती?" मी विचारलं.

"चौदा," ती म्हणाली.

मग तिनं बोटांवर मोजून दाखवलं. मी एक, तीन लेकी, तीन जावई, सात नातवंडं. लंगोटातलं कुणी नाही, सगळी मोठी झाली, हेही सांगितलं. मी हळू आवाजात म्हणालो, "आत्या, याच्यावर पैसे लागणार आहेत." ती म्हणाली, "मग? लागू दे की. चौदा लिही." मी चौदा लिहिले, जेवलो आणि घरी येऊन झोपलो.

यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी मला घराबाहेर पडणं मुश्किल झालं. तेरा माणसांची पट्टी बघून तेराचा धनी तोंड सोडून बोलत होता. त्याचे दहा पाहुणे कधीच परत गेले होते. सगळ्या गावात सगळ्यात जास्त माणसं आत्याच्या घरी आणि बावीस खोल्यांत सहा. पण खरी शरम दारातच वाट बघत होती. माझी बायको यादी वाचून आली आणि म्हणाली, "अहो, आपण सात कधीपासून झालो?"

मी माझ्या स्वतःच्या घरापुढं सात लिहिले होते. मुलगा, सून, दोन नातवंडं, आणि सुनेची बहीण, ती दोन दिवस जत्रा बघायला आलेली. मला ते लिहिताना एकदासुद्धा वाटलं नाही की हे चूक आहे. वही उघडली, घरात माणसं दिसली, हाताला आनंद झाला आणि त्यानं सात लिहिले. मोजणारा म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाची ही गत.

संध्याकाळी आप्पा काठी टेकत आले. यादी त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतली होती. ओट्यावर बसले आणि बराच वेळ नुसते हसले. मला राग आला. मग म्हणाले, "तू कधी मेंढरं मोजलीस का?"

"नाही."

"तेच. आरं, जत्रा म्हंजी पाणवठा. पाणवठ्याव चार कळप येत्यात, ह्याची मेंढरं त्याच्यात, त्याची ह्याच्यात. तिथं कुनी मोजतंय व्हय? आमी सकाळी मोजायचो. रातच्याला मेंढरांभवती वाघर लावत्यात, जाळी, तिचं एक तोंड उघडायचं आन् एक एक भाईर सोडायचं. जी रातीला तुझ्या वाघरात निजली ती तुझी. पाणवठ्याव तुझ्या शेजारी उभी व्हती ती न्हाईत."

मी म्हणालो, "आप्पा, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"मला कुनी इचारलं? मी कांद्यात व्हतो."

पुन्हा मोजणी करायचं ठरलं. साधा बुधवार, सण ना सुट्टी. सकाळी, पहिल्या शिफ्टच्या बसच्या आधी. खोल्यांपुढं पोचलो तर वाघराचं तोंड उघडलेलंच होतं. संडासांपुढं बादल्यांची रांग, नळावर दात घासणारी पोरं, दोन बाया पोरींच्या वेण्या घालताहेत. आम्ही एकेका दारात उभे राहून मोजलं. त्रेसष्ट. मालक लुंगीवर धावत आला, पण आता कशाला कुलूप नव्हतं. रांगेतल्या एका पोरानं मला विचारलं, "काका, इसका पैसा मालिक देगा या हम?" मी म्हणालो, मालिक. तो म्हणाला, "फिर भाडा बढेगा?" मी त्याला काहीतरी समजूत घालणारं बोललो. खरं उत्तर मला तेव्हा माहीत नव्हतं आणि अजूनही नाही.

माझ्या घरापुढचे सात खोडून मी दोन केले. हे काम मी पटकन उरकून टाकलं.

आत्या अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. बांधायला पाण्यात भिजवलेली केळीची सोपटं शेजारी. घर इतकं शांत होतं की जुडी ठेवल्याचा आवाज येत होता. मी वही उघडली. "आत्या, एक लिहितो."

"चौदाच ठेव."

मला वाटलं तिला नीट कळलं नाही. मी समजावून सांगितलं. माणशी पट्टी आहे, दर महिन्याची आहे, चौदा माणसांची म्हणजे तुझ्या बाजाराच्या किती जुड्या जातील बघ. ती म्हणाली, "जाऊ द्येत. जुड्या माझ्या हायेत."

मी चिडलो. आत्यावर चिडायचा मला लहानपणापासून हक्क आहे असं मी धरून चालतो. "काय वेडेपणा लावलास! इथं तू एकटी राहतेस. उगाच कशाला नसलेल्या माणसांची गटारपट्टी भरतेस?"

तिनं हातातली जुडी बांधून पूर्ण केली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "थोरलीचं लगीन झालं, तवा रेशनकार्डातनं तिचं नाव कमी कराया कोन गेलतं?"

"मी."

"मधलीचं?"

तिन्ही वेळा मीच गेलो होतो. आत्याला मोटारसायकलवर मागं बसवून शिरूरला, तहसीलच्या ऑफिसात. सासरच्या कार्डावर नाव चढवायला माहेरच्या कार्डातून कमी केल्याचा दाखला लागतो. धाकटीच्या वेळी तर आत्याच्या हातावरची लग्नातली हळदसुद्धा निघाली नव्हती. मी दाखला घडी घालून खिशात ठेवला आणि तिला म्हणालो होतो, चला, एका हेलपाट्यात काम झालं. मला फार हुशारी वाटली होती स्वतःची.

"एका एका लगनात एक एक नाव ग्येलं," आत्या म्हणाली. "शेवटाला कार्डात मी एकटी ऱ्हायली. बरं, रीतच हाय ती, मी काय म्हनत न्हाई. पर आता इतक्या वरसांनी एका कागदाव सगळी परत आली. जावयासकट आली. पंचायतीच्या भिंतीव लावलंय, मी जाऊन बघून आले. आन् तू सकाळच्या पारी येऊन म्हनतोस, खोडतो."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, माझ्याच आलं. मी वही मिटली. एक लिहिलं नाही आणि चौदा खोडलेही नाहीत. मनाला म्हणालो, ती जास्तच भरते आहे, कमी नाही. यात कुणाचं काय नुकसान?

नुकसान कुणाचं, ते ग्रामसभेत कळलं.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात, रविवारी सकाळी. पुरुष पुढं, बाया मागं लिंबाच्या सावलीत. मी नवी यादी मोठ्यानं वाचली. खोल्यांच्या मालकाचे त्रेसष्ट आले तेव्हा गावानं माना डोलावल्या. शेवटाकडं आत्याचं घर आलं. मी घाईघाईत चौदा म्हणून पुढं सरकणार तेवढ्यात मालक उठला. फार अदबीनं बोलला.

"मामा, माझी मोजणी सकाळी झाली. जो झोपला तो धरला. मान्य हाय. मग त्याच दिवशी आत्याबाईंच्या घरात चौदा माणसं झोपलेली व्हती का?"

पटांगणात हशा पिकला.

"न्हाई, मी चेष्टा करत न्हाई," तो म्हणाला. "तिथं तुम्ही मोजलं न्हाई, आत्याबाईंनी सांगितलं ते लिहिलं. मग जिथं घरवाल्याचं सांगनं चालतंय, तिथं माझंबी चालवा. मी सांगतो सहा. लिहा."

हशा थांबला. तो चुकीचा बोलत नव्हता. एका घराला सांगीव आकडा आणि दुसऱ्या घराला मोजीव, ही कसली पट्टी? तेराच्या धन्यानं लगेच री ओढली की मग माझेही मी सांगतो. आणखी दोघं उभे राहिले. मला डोळ्यांसमोर सगळं दिसत होतं. त्रेसष्टाचे सहा झाले तर मोटारीचं बिल काही कमी होणार नव्हतं. ते उरलेल्यांवर चढणार होतं, म्हणजे आत्यावरही.

सरपंचबाई माझ्याकडं बघत होत्या. मला एवढंच म्हणायचं होतं, आत्याचं घर, माणसं एक. पण त्या चौदामागं काय आहे हे त्या पटांगणात मला आणि आत्याला, दोघांनाच ठाऊक होतं, आणि ते चारचौघांत मी खोडायचं म्हणजे शिरूरच्या ऑफिसात चौथ्यांदा जाण्यासारखं होतं. मी कागदाकडं बघत उभा राहिलो. मोटारीच्या बिलापुढं आत्याचं मन जपत बसलेला मोजणीदार.

मागून आवाज आला, "एक लिही."

आत्या उभी राहिली होती. पदर डोक्यावर नीट घेतलेला, बाजाराला निघाल्यासारखा. "मी एकटी ऱ्हाती," ती म्हणाली. "लेकी जत्रंला येत्यात, चार दिस ऱ्हात्यात, जात्यात. त्यांच्या त्यांच्या गावाला त्यांची गटार हाय. लिही एक."

लोक पुन्हा हसले. ती हसली नाही. मी एक लिहिलं. अक्षर कसं आलं ते मला सांगवत नाही.

मग ती मालकाकडं वळली. "आता तुझं त्रेसष्ट लिहून घे, दादा. तुझी समदी पोरं माझी मेथी खात्यात. किती हायेत ते मला ठावं हाय, तुझ्यापरीस चांगलं ठावं हाय. आन् त्यांच्या भाड्यात ही पट्टी चढवलीस तर तेबी मला बाजारात कळंल."

मालक खाली बसला. तो गडी पक्का असला तरी आत्याच्या मेथीवर तोही वाढलेला आहे, उलट बोलणं त्याला जमलं नसतं. तेराच्या धन्यानं न विचारताच तीन सांगितले. त्यानंतर कुणी काही काढलं नाही आणि ठराव हात वर करून मंजूर झाला. आप्पांनी माझ्या पाठीत काठीचं टोक टोचलं आणि म्हणाले, "मोजनी आता झाली बघ."

खरी माणसं यादीत आली तसा पट्टीचा हिशेब पक्का झाला. आत्याच्या वाट्याला आली ती दोन-तीन जुड्यांची. हे मी तिला त्याच दिवशी सांगायला गेलो. तिनं "बरं झालं" म्हटलं आणि चहा टाकला. लेकींचा विषय तिनं काढला नाही आणि मलाही धीर झाला नाही.

वसुलीच्या पहिल्या दिवशी मी ग्रामसेवकांच्या शेजारी पावत्या लिहायला बसलो. आत्या सगळ्यांच्या आधी आली, बाजाराची पाटी दाराबाहेर ठेवून. पैसे टेबलावर ठेवले. मी पावती लिहिली आणि तिच्यापुढं सरकवली. तिला वाचता येतं, पण लहान अक्षर आता दिसत नाही.

"काय लिवलंस?"

"तुझं नाव. गटारपट्टी. माणसे, एक."

ती पावतीकडं बघत राहिली. मागं रांग वाढत होती, कुणीतरी खाकरलं. ती जागची हलली नाही. मला वाटलं आता ती काही बोलली तर मला सगळ्यांदेखत रडू येईल. मग तिनं उजव्या कडेच्या मोकळ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"ह्यो कशाला हाय?"

"शेरा. काही जास्तीचं लिहायचं असलं तर."

"मग लिही की."

"काय लिहू?"

"लिही, सध्या."

मी पावती पुन्हा माझ्याकडं ओढली आणि 'एक'च्या पुढच्या रकान्यात, तिला चष्म्याशिवाय दिसावं म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं, सध्या.